खरखरीत अंगाची फरशी

मी एक जुनी फरशी आहे, मित्रांनो, आणि माझा मुक्काम न्हाणीघरात. बाहेरच्या खोलीतल्या फरशीचं पाहुणे कौतुक करतात, तसं माझ्या वाट्याला येत नाही. तरी माझं उत्तम चाललं आहे, आणि त्याचं श्रेय माझ्यापेक्षा माझ्या माणसांना जास्त आहे.

मी मुळात माती. कारखान्यात मला दळलं, साच्यात दाबलं, अंगावर राखाडी लेप दिला आणि भट्टीत भाजून काढलं. बाकीच्या चकचकीत निघाल्या, मी निघाले खरखरीत. दुकानात त्या पुढे मिरवायच्या. मागच्या कोपऱ्यात माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे.

मग एक सूनबाई नवऱ्याला घेऊन आल्या. त्यांचे सासरे कवायतीचे मास्तर. जन्मभर पोरांना ताठ उभं केलेला हा माणूस ओल्या न्हाणीघरात घसरला आणि मांडीचं हाड मोडून बसला. हाड जुळलं. पण मुलगा धरून अंघोळ घालायचा तेव्हा मास्तर नुसते भिंतीकडे बघत राहायचे. पुन्हा एकट्याने अंघोळ करता यावी, एवढंच त्यांना हवं होतं.

नवऱ्याला पांढरी, चकचकीत फरशी आवडली. सूनबाईंनी दुकानदाराकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं, तिच्यावर ओतलं, पर्समधला साबण चोळला आणि चप्पल काढून पाऊल टेकवलं. ते सरकलं. नवऱ्याने दंड धरला म्हणून बरं. मग माझ्यावर तोच प्रयोग झाला. मी पाऊल जागचं हलू दिलं नाही.

"अगं, पण ही किती मळकट दिसते," नवरा कुरकुरला.

"दिसू दे. बाबांना हिच्यावर पाय ठेवायचाय, हिच्यात तोंड नाही बघायचं."

इतकी पारखी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

मिस्त्रीही तसाच भेटला. त्याने खाली सिमेंटचा माल सगळीकडे सारखा पसरला, आम्हा एकेकीला ठोकून कान लावला आणि आवाज पोकळ आला की उचलून पुन्हा बसवलं. शेवटी बादलीभर पाणी ओतून तो उकिडवा बसला.

"झालं ना, मिस्त्री?" मुलाने विचारलं.

"मला काय विचारता? पाण्याला विचारा."

पाणी मुकाट्याने कोपऱ्यातल्या जाळीकडे निघून गेलं.

मास्तर आधी मुलाचा हात धरून येत. पुढे मुलगा नुसता दाराशी थांबू लागला. माझा जीव भांड्यात पडला होता. आणि एके सकाळी त्यांचा पाय सरकला. आधारासाठी भिंतीत बसवलेला दांडा हाती आला म्हणून ते वाचले.

"उद्याच उखडून टाकतो ही फरशी," मुलगा म्हणाला.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "मला धरूनच नेत जा आता."

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. उखडून टाकलं असतं तरी इतकं वाटलं नसतं.

सूनबाई खाली बसल्या आणि त्यांनी मला नखाने खरवडलं. नखात पांढरा थर आला.

"हिचा दोष नाही. रोजचा साबण आपणच हिच्यावर वाळू दिला. हिची पकड त्याने बुजली."

मुलगा ॲसिडची बाटली घेऊन आला. सांधे खाऊन टाकेल ते, असं सांगून सूनबाईंनी ती परत पाठवली आणि त्याच्या हातात ब्रश दिला. गरम पाण्याने त्याने मला गुडघे टेकून घासलं, अगदी सांध्यासांध्यांतून. तेव्हापासून प्रत्येक अंघोळीनंतर साबण धुऊन पाणी निपटून काढायचं, हा घरचा नियम झाला.

मित्रांनो, मला चमकवू नका. एवढी निगा राखा, बाकीचं मी बघते.

मास्तर आता बरेच थकले आहेत. तरी रोज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून स्वतः येतात आणि आतून कडी लावतात. मी हे सांगते आहे तेव्हाही ते आतच आहेत. त्यांना वेळ लागतो. तेवढं दार वाजवू नका.