माहेरचं गिऱ्हाईक

वर्षाराणीताईंनी विचारलं, "तुला काय काय येतं?"

मंगल म्हणाली, "ऊस तोडता येतो."

समाजमंदिरात बसलेल्या सगळ्या बाया खदाखदा हसल्या. हसण्यासारखं काय होतं कुणास ठाऊक, कारण हसणाऱ्या प्रत्येकीला तेच येत होतं. वर्षाराणीताई केजहून स्कूटीवर यायच्या, बचत गटातल्या बायांना धंदा कसा करायचा ते शिकवायला. त्या पण हसल्या.

"ते सोडून सांग गं."

"ते सोडून मग भाकरी."

"झालं तर! भाकरीच विकू."

मंगलला वाटलं ताई चेष्टा करायल्यात. भाकरी काय विकायची वस्तू आहे का? पण ताईंनी फळ्यावर एक गोल काढला आणि त्याच्या भोवती लिहिलं, ज्वारी, जळण, मीठमिरची, मेहनत, नफा. मग वळून म्हणाल्या, "मंगल, मेहनतीचे किती धरायचे?"

"ते कशाला धरायचं ताई? हात तर घरचेच हायेत की."

"ऊस तोडला की ह्याच हातांचे पैसे घेतेस ना? मग भाकरी थापली की का नको?"

घरी जाईपर्यंत मंगल स्वतःच्या हातांकडं बघत होती.

दरसाली दसरा झाला की मंगल आणि तिचा नवरा अंगद टोळीबरोबर साखर कारखान्याकडं निघायचे. पाच-सहा महिने पाचटाच्या झोपडीत, कोपीत राहायचं, दिवस उगवायच्या आधी उसाच्या फडात जायचं. टोळीचा मुकादम निघायच्या आधीच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, द्यायचा, आणि ती उचल फेडण्यातच सगळा सीझन निघून जायचा. कामाचं मंगलला भ्या नव्हतं. भ्या होतं वैष्णवीचं. पोरगी आठवीत गेलती. फडावर नेली तर शाळा सुटणार, आणि घरी म्हाताऱ्या आजीजवळ ठेवली तर आईबाप येईपर्यंत कुणीतरी सोयरीक घेऊन दारात उभं राहणार. वस्तीवरच्या दोन पोरींचं असंच झालतं. मंगलला औंदा जायचंच नव्हतं.

अंगद वाईट माणूस नव्हता, पण हातात रोख पैसे दिसल्याशिवाय त्याला काही खरं वाटायचं नाही. तो म्हणाला, "घटस्थापनेपस्तोर बगू. राधाकिशन मुकादम तवर थांबतो म्हणलाय. तुझं चाललं तर राहू, न्हाई तर उचल घेणार. मग रडायचं न्हाई."

"न्हाई रडत," मंगल म्हणाली.

गटानं कर्ज दिलं. मोठा तवा आला, पराती आल्या, ताटं आली, ज्वारीचं पोतं आलं. आणि बाजाराच्या दिवशी युसूफ वडगावात लिंबाच्या झाडाखाली पत्र्याचा आडोसा करून मंगलनं चूल पेटवली. गरम भाकरी, भाजल्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी, ठेचा, कांदा. वैष्णवीनं पुठ्ठ्यावर झोकात लिहून दिलं, "पोटभर जेवण, चाळीस रुपये." गल्ला म्हणून बिस्किटाचा जुना डबा.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते पटकेवालं. बैल बघायला आलेला म्हातारा. खाली बसला, तीन भाकरी आमटीत चुरून खाल्ल्या, वर ठेचा मागून घेतला. मग मिशा पुसून खिशात हात घातला. आता कुणी जेवून उठलं की चार शब्द विचारावेत, ही मंगलची लहानपणापासूनची सवय.

"कुठले म्हणायचे तुमी?"

"नांदूरघाटचा."

मंगलच्या हातातला पिठाचा गोळा हातातच राहिला.

"आगं बया! माझं माहेर हाय की ते! कुणाचे तुमी?"

"त्रिंबक म्हणत्यात मला. मारुतीच्या देवळामागं घर हाय."

"त्रिंबककाका! पटक्यात ओळखलंच न्हाई की! मी रामप्रसादची मंगल! तुमच्या दारातल्या चिंचा खाऊन मोठी झाले मी! ठेवा, ठेवा ते पैशे. लेकीच्या हातचं खाल्लं अन् पैशे देता व्हय?"

म्हातारा न्हाई न्हाई म्हणत होता, पण मंगलनं ऐकलंच नाही. तिनं त्याच्या पाया पडून त्याला वाटेला लावलं.

बाजारात बातमी पसरायला काय लागतं? घडीभरात नांदूरघाटचा अख्खा टेंपो लिंबाखाली रिकामा झाला. कुणी भाऊ, कुणी मामा, कुणी चुलत्याचा मेहुणा. एकजण शेजारच्या गावचा निघाला, पण त्याची आई नांदूरघाटची होती, म्हणजे भाचाच झाला. कांद्याचा एक व्यापारी आला, तो तर अंबाजोगाईचा. मंगलला हायसं वाटलं. तेवढ्यात तो लाजत लाजत बोलला, "बायको नांदूरघाटची हाय आमची."

जावई! जावयाकडून कुणी पैसे घेतं का? उलट त्याला आमटीवर तेल सोडून वाढलं.

दुपार कलायच्या आत पीठ संपलं, आमटी संपली, कांदेसुद्धा संपले. डब्यात दोन ताटांचे पैसे होते. ती दोन माणसं लातूरची होती, बिचारी.

घरी अंगदनं डबा हलवून बघितला. "धंदा टाकलास का अन्नदान मांडलंस?"

"मग काय करू? भावाकडून पैशे घेऊ?"

"एवढे भाऊ व्हते तर आपल्या घराचा पत्रा उडाला तव्हा एकबी कावून आला न्हाई?"

मंगलचे डोळे भरून आले, पण तिनं सांगितलं होतं रडणार नाही म्हणून, म्हणून ती उगाच परात घासत बसली. घासून झालेली परात परत घासायला लागली. दुसऱ्या दिवशी वर्षाराणीताई आल्या, त्यांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "उधारी नको, हे मी शिकवलं. माहेराचं काय करायचं, हे माझ्या पुस्तकात नाही गं बाई."

हे सगळं एक माणूस भिंतीला टेकून ऐकत होतं. अंगदची आई, छबुबाई. गुडघे दुखत असल्यानं ती फारशी उठायची नाही, पण कान अगदी धडधाकट होते.

"नांदूरघाटचे फुकट जेवून गेले?" छबुबाईनं विचारलं. "तेच नांदूरघाटचे का, ज्यांनी लग्नात मला दुसऱ्या पंगतीला बसवलतं?"

"आत्या, त्याला आता किती वर्षं झाली—"

"अन् मानाचं लुगडं दिलं ते असलं इरळ, की नेसलं तर मारुतीला तोंड फिरवावं लागलं असतं." छबुबाई भिंत धरून उठली. गुडघे विसरूनच उठली. "पुढल्या बाजारी डब्यापाशी मी बसणार."

आणि बसली. पत्र्याच्या आडोशाला पाठ लावून, पदर खोचून, डबा मांडीवर घेऊन बसली.

पहिलाच घोळका आला. पुढचा पोरगा हसत म्हणाला, "राम राम मावशी, आमी नांदूरघाटचे."

"मग पंचेचाळीस."

"पुठ्ठ्यावर तर चाळीस हाय!"

"ते लोकांना. तुमी व्याही."

घोळका हसायला लागला. पोरगा म्हणाला, "मंगलआक्का, बघ की तुझी सासू!"

मंगलला मान वर करता येईना. माहेरच्या माणसांपुढं लाजही वाटत होती, आणि हसूही येत होतं. ती तव्याकडं तोंड करून भाकरी थापत राहिली. मागून छबुबाईचा आवाज चालूच होता.

"तू रं, डोळे कावून मिचकवतो? तुझ्या आज्यानं वरातीत बैलगाडी देतो म्हणून सांगितलतं. आमी चालत आलो. चालत! काढ पन्नास."

"आज्याचं माझ्याकडून घेता व्हय?"

"आज्या वर गेला, तिकडं कोण जातंय वसूल करायला?"

त्या पोरानं पन्नासची नोट काढली आणि हात जोडले. "वरचे धा लुगड्यात धरा मावशी." लिंबाखाली असा हशा पिकला की शेजारचा बांगडीवाला दुकान सोडून ऐकायला आला. तोही मग जेवायलाच बसला.

तेवढ्यात तो पटकेवाला त्रिंबककाका आला. मंगलला वाटलं, आता जमीन फाटावी आणि आपण आत जावं. पण काकानं बसायच्या आधीच छबुबाईपुढं दोन ताटांचे पैसे ठेवले.

"एक आजचं अन् एक मागलं," तो म्हणाला. "मागल्या बाजारी घरी जाऊन मोठ्या तोंडानं सांगितलं, लेकीकडं जेवून आलो. म्हातारी म्हणली, लेकीच्या दारात रिकाम्या हातानं जेवलात? लाज न्हाई का? रात्री मला भाकर दिली न्हाई तिनं. पोरी, तू पैशे नको म्हणलीस अन् उपाशी मी झोपलो!"

मंगल हसली ती अशी, की पिठाचा हात तोंडाला लावला आणि नाक पांढरं झालं.

त्यानंतर दोन-तीन बाजार झकास गेले. लोक जेवायला यायचे आणि छबुबाईचं ऐकायला थांबायचे. नांदूरघाटचे तर मुद्दाम यायचे, शिव्या खायला. पंचेचाळीस देऊन वर विचारायचे, "मावशी, आमच्या घराण्यावर काय हाय का?" असलं तर छबुबाई सांगायची. नसलं तर शोधून काढायची.

मग एके दिवशी सहा माणसं आली. पुढं उंच, टोपी घातलेला गडी. छबुबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि डबा तिच्या मांडीवरून घसरला.

"शिवशंकर! माझ्या भावाचा शिवशंकर!"

छबुबाईचं माहेर धर्मापुरी. भाचा पाया पडला. साही जणं पोटभर जेवले. शिवशंकरनं पाकीट काढलं, तर छबुबाई अंगावरच धावली. "येडा झाला का? आत्याला पैशे देतो? अजून एक भाकर घे. ये मंगल, वाढ त्याला!"

मंगलनं तवा खाली उतरवला. पिठाचे हात पदराला पुसले. सरळ येऊन सासूपुढं उभी राहिली.

"आत्या, उठा. भाकरी तुमी थापा."

"आगं, माझा भाचा हाय!"

"असू द्या. माझा न्हाई."

छबुबाई सुनेकडं बघत बघत उठली आणि चुलीपुढं जाऊन बसली. मंगलनं डबा मांडीवर घेतला. "सहा ताटं, भावजी. अन् तुमच्या आत्यानं नांदूरघाटचे वरचे पाच घेतल्यात, तर धर्मापुरीचे पण पाच."

"घ्या की वहिनी!" शिवशंकर हसला. चुलीपाशी छबुबाई पुटपुटत होती, पण भाकरी मात्र चंद्रासारखी निघाली.

मग पद्धतच पडली. अंगद रस्त्याच्या तोंडाला उभा राहून येणाऱ्याला विचारायचा, "कुठले?" आणि कंडक्टरसारखा आत ओरडायचा. "आई, नांदूरघाट!" म्हटलं की सासू डब्यावर. "मंगल, धर्मापुरी!" म्हटलं की सून डब्यावर. बाकी सगळा मुलूख ज्याच्या हाताला पीठ नसेल त्याचा. रस्त्याच्या कामावरच्या मजुरांनी बाजार सोडून इतर दिवसांचे डबे लावले, ते पोचवायचं काम पण अंगदकडं आलं. गटाचा हप्ता बिनबोभाट जात होता. वर्षाराणीताई तर केजहून जेवायलाच यायला लागल्या. पण घटस्थापना जवळ आली, आणि अंगद उचलीबद्दल अवाक्षर काढत नव्हता. मंगलनं पण विचारलं नाही. विचारलं आणि नको तेच उत्तर आलं तर?

घटस्थापनेच्या आदल्या बाजारी राधाकिशन मुकादम जीपमधून उतरला. पांढरीशुभ्र कापडं, खिसा फुगलेला. लिंबाखाली ऐसपैस बसला.

"काय बे अंगद, ठरलं का? गाडी भरायची हाय मला."

मंगल चुलीपुढं होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, आणि तिचा हात तसाच अधांतरी थांबला.

अंगद उभाच होता. "मुकादम, औंदा काय..."

"वाढवून देतो." मुकादमानं खिशातून पुडकं काढलं आणि मांडीवर ठेवलं. "तुमच्यासारखी जोडी माझ्या टोळीत दुसरी न्हाई. हे घे, मोजून घे."

अंगदनं पुडक्याकडं बघितलं. लई वेळ बघितलं. मंगल हा माणूस ओळखून होती, रोख दिसलं की ह्याचा जीव वितळायचा. छबुबाईनं डबा पोटाशी घट्ट धरला. तेवढ्यात रस्त्यावर एक टेंपो थांबला. माणसं उतरायला लागली. अंगदची मान आपोआप तिकडं वळली.

"कुठले?" तो ओरडला.

"नांदूरघाट!"

"आई, नांदूरघाट! बारा जणं!" आणि मग मुकादमाकडं वळून, जसं काही बोलणं मधे तुटलंच नव्हतं असं, तो म्हणाला, "न्हाई जमायचं मुकादम. मी आलो तर हितं इचारायचं कुणी? दुसरी जोडी बगा."

मंगल हलली नाही. तिला वाटलं, हललं तर ऐकलेलं खोटं होईल.

"मंगल! आगं भाकर!" छबुबाई ओरडली. "करपली की!"

तव्यावरून काळा धूर निघत होता. इतक्या महिन्यांत एक भाकरी करपली नव्हती.

"करपू द्या आत्या," मंगल म्हणाली, आणि तिला इतकं हसू आलं की तिला पोट धरून बसावं लागलं. अंगदही हसायला लागला. नांदूरघाटचे बारा जण काय झालं ते न कळताच हसायला लागले.

मुकादमानं पुडकं परत खिशात घातलं. "बरं, जेवायला तर वाढा," तो कुरकुरला.

छबुबाईनं ती करपलेली भाकरी उचलली, झटकली आणि त्याच्या ताटात घातली. "तुमी कुठले मुकादम?"

"धारूरचा."

"मग चाळीसच," छबुबाई म्हणाली आणि डबा त्याच्यापुढं सरकवला.