न्हाणीघरातला सहावा स्पीकर

शेवटी आम्ही दुकानातला सगळ्यांत स्वस्त रिसीव्हर घेतला. ही बातमी तुम्ही ऐकलीच नाही असं धरून चालू.

टीव्हीचा आवाज स्पीकरांपर्यंत पोचवणारा होम थिएटरचा जुना रिसीव्हर जळाला होता. आईच्या मालिकेत त्याच संध्याकाळी खुनी कोण ते कळणार होतं, आणि तिला एकदा तरी सगळे संवाद नीट ऐकायचे होते. दुकानदाराने बजेटमध्ये बसणारा एक रिसीव्हर घरी लावून बघायला दिला. सोबत छोटा माइक होता. तो आईच्या जागेवर ठेवला की आमचे पाच स्पीकर शिट्ट्या वाजवतात आणि रिसीव्हर खोलीप्रमाणे आवाज जुळवतो. फक्त पाच मिनिटं शांतता हवी.

"गप्प बसायला काय अक्कल लागते?" बाबा म्हणाले.

स्क्रीनवर आलं, खोलीत गोंगाट आहे.

"बघा, मी गप्प असूनसुद्धा!"

पुन्हा गोंगाट.

आईने त्यांना न्हाणीघरात बसवून बाहेरून कडी घातली. आतून दर अर्ध्या मिनिटाला "झालं का गं?" येत राहिलं. अखेर रिसीव्हरने निकाल दिला: एकूण सहा स्पीकर, पैकी न्हाणीघरातल्याचा आवाज कमी होत नाही.

"नेऊन द्या तो डबा परत," आई म्हणाली.

मग बिनमाइकचा स्वस्तातला आणला. इन्स्पेक्टर खुन्याचं नाव घेत असतानाच बाबांनी विचारलं, "हा बराय ना गं?"

तरी रिसीव्हर कंपनीस नम्र विनंती की, पुढील रिमोटवर वडिलांसाठी स्वतंत्र म्यूट बटण मंजूर करावे आणि खुन्याचे नाव आमच्या मातोश्रींना लेखी कळवावे.