तलावातली ट्यूब आणि सिंधुकाकू

मित्रांनो, मी एक जुनी रबरी ट्यूब आहे. माझी अर्धी उमर ट्रकच्या चाकात गेली. नांदेडच्या रस्त्यावर खड्ड्यांत आदळत मी सोयाबीनची पोती ओढली. अंगावर ठिगळे चढली, तेव्हा मालकाने मला लातूरच्या एका जलतरण तलावाला देऊन टाकले. तिथे बायकांच्या वेळेत पुनम मॅडम पोहायला शिकवतात. मला धरून कितीतरी जणी तरंगायला शिकल्या. त्या माझे कौतुक करायच्या आणि पोहता आले की मला विसरायच्या.

पण सिंधुकाकूंइतके घाबरलेले माणूस मी पाहिले नव्हते. त्या अहमदपूरकडच्या एका खेड्यातल्या. छातीच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, केमो झाली, रेडिएशनचे शेक दिले. त्यानंतर डावा हात खांद्याच्या वर जाईना. साधी वेणी घालता येईना. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांनीच पाण्यातला व्यायाम सांगितला.

पहिल्या दिवशी काकू पायरीवरच थबकल्या. छातीवरचा टॉवेल काही सोडेनात.

"लई भेव वाटायलंय, मॅडम."

"पाण्याचं?"

"पाण्याचं, बायकायच्या नजरेचं. आन् ते दुखणं पुन्हा आलं तर, याचं."

पुनम मॅडम शेजारी टेकल्या. "मग आज नुसते पाय भिजवू, काकू."

हळूहळू काकू मला कवटाळून पाण्यात उतरू लागल्या. त्यांच्या काळजाची धडधड मला कळायची. त्यांना मात्र ठाऊक नव्हते, की मीही घाबरलेली होते. माझे एक ठिगळ सुटत चालले होते आणि मला ते सांगता येत नव्हते.

एका सकाळी खोल बाजूला ते सुटलेच. बुडबुडे निघाले. काकूंच्या हाताखाली मी मऊ पडत गेले. त्यांच्या नाकातोंडात पाणी शिरले. पुनम मॅडमनी मागून आधार देत त्यांना काठाकडे ढकलले. काकूंनी जिवाच्या आकांताने हात उंचावून काठावरचा दांडा पकडला.

बाहेर आल्यावर त्या रडल्या. "आता न्हाई येणार म्या."

"नका येऊ," मॅडम हळूच म्हणाल्या. "पण दांडा कोणत्या हातानं धरला, काकू?"

काकू आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिल्या. तो ठणकत होता.

पुढे बरेच दिवस त्या आल्या नाहीत. कोपऱ्यात चपटी पडून मी नाही नाही ते मनात आणले. मग एका सकाळी दारातून त्यांचा आवाज आला.

"भेव गेलं का?" मॅडमनी विचारले.

"न्हाई. ते घरीबी हायच. हितं निदान हात हलतो."

आता त्या फोमच्या फळीवर पोहतात. वेणी स्वतः घालतात. तपासणी जवळ आली, की अजूनही त्यांची झोप उडते.

मित्रांनो, कुणाचा जीव आमच्या भरवशावर पाण्यात सोडण्याआधी आमची ठिगळे नीट दाबून बघत जा. आणि घरातले कुणी असे घाबरले असेल, तर 'घाबरू नको' म्हणून मोकळे होऊ नका. कशाची भीती वाटते ते विचारा, आणि ते माणूस बोलायला लागले, की मधे न तोडता ऐका.