इंजिनाचं औषध

पुंजारामनं पाय दाबला तशी मोटार उसळली आणि लगेच बॉनेटखालून ठोके सुरू झाले. आत कोणी हातोडी घेऊन बसल्यासारखे.

“सोडा पाय, जवाई,” शेजारी बसलेले खुशालराव मिस्त्री म्हणाले. “बाजूले घ्या.”

बडनेरा मागं पडलं होतं. दोन्ही अंगांना कपाशीची काळी रानं, वर लख्ख ऊन. अकोल्याला जठारपेठेत मोटारीचे मालक केशवराव वाट पाहत होते आणि त्यांना वाट पाहायची सवय नव्हती. पुंजारामनं गाडी कडुनिंबाखाली उभी केली. खुशालराव खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि चटके बसत असतानाही इंजिनावर हात ठेवून उभे राहिले.

आता ही मोटार म्हणजे एक प्रकरणच होतं. लढाई संपल्यावर लष्करी सामानाचा लिलाव झाला, त्यात केशवरावांनी ती उचलली. साधी असती तर कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं, पण हिच्या इंजिनाला हवा कोंबणारा पंखा होता. पंख्यानं इंजिनात हवा ठासून भरायची आणि गाडीनं धुरळा उडवत पळायचं. केशवरावांना एवढं पुरेसं होतं. पण रेशनचं पेट्रोल असलं रद्दी, की पंखा लागला रे लागला की इंजिन तापून ठोके द्यायचं. असेच ठोके खात राहिलं तर एक दिवस इंजिन फुटणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मग खुशालरावांनी मागं डिकीत एक पितळी टाकी बसवली. अर्धं पाणी, अर्धं लाकडाचं स्पिरिट. छोट्या पंपानं ते पुढं यायचं आणि बारीक फवाऱ्यानं इंजिनात जायचं. ते आत गेलं की इंजिन गार, ठोके बंद. अमरावतीत असली करामत दुसऱ्या कोणाला जमली नव्हती, आणि खुशालरावांना त्याचा मनातून अभिमान होता.

एक गोष्ट मात्र त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. ते स्पिरिट म्हणजे जहर. पोटात गेलं तर आधी डोळे जातात, मग माणूस. पण दारूबंदीचे दिवस. स्पिरिटचा नुसता बोभाटा झाला असता तरी पोलीस दारात आले असते. केशवरावांनी बजावून ठेवलं होतं. म्हणून विचारील त्याला एकच उत्तर होतं, इंजिनाचं औषध आहे, हात लावू नका.

खुशालरावांनी पान्यानं फवाऱ्याचं तोंड काढलं, ओठांना लावून फुंकलं. हवा सरळ गेली. ते उन्हाकडे धरून पाहिलं, भोक स्वच्छ.

“कचरा नाई?” पुंजारामनं विचारलं.

“नाई.”

“असंन भाऊ. नीट पाहा ना.”

खुशालरावांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या धाकट्या बहिणीचा, गोदाबाईचा हा नवरा. एरवी गाडी बंद पडली की विडी ओढत सावलीला बसणारा गडी. आज तो चाकाजवळून हलत नव्हता.

त्यांनी जाळी काढली. जाळीही स्वच्छ. मग नळी मोकळी करून तिच्या तोंडाखाली तळहात धरला.

“पंप चालवा.”

पंप घरघरला. हातावर धार आली, चांगली जोरात. खुशालराव हात तसाच धरून थांबले. स्पिरिट हातावर पडलं की वाऱ्याबरोबर उडून जातं, कातडी गारठते. हा हात नुसता ओला झाला होता. शर्टाला पुसावा लागला.

नळी फुटलेली असती, पंप जळाला असता तर किती बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं. त्यांनी डब्याच्या झाकणात थोडं काढलं, काडी ओढली आणि झाकणाशी नेली. स्पिरिटची ज्योत दिवसा दिसत नाही, म्हणून वर कडब्याचं वाळलेलं पान धरलं. पान पेटलं नाही. दुसरी काडी ओढली, ती झाकणातच बुडून विझली.

“जवाई,” ते म्हणाले, “त्या बाभळीखाली कोन बसलं हाये?”

“आँ?”

“सांगा. कोन बसलं हाये?”

“बाई हाये एक. लाल लुगडं. शेळी चारून राहिली.” पुंजाराम गोंधळला. “काहून?”

खुशालरावांनी बाभळीकडे पाहिलं. बाई होती, लाल लुगडं होतं, शेळी होती. त्यांनी मोठा श्वास सोडला, पण छातीवरचा दगड काही हलला नाही.

“मंग तुमी नाई पेले.”

“गोदाची आन, भाऊ. मी नाई पेलो.”

“टाकीत नुसतं पानी हाये. कोनाले देल्लं?”

पुंजाराम खाली पाहू लागला. चपलेच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

“जवाई, ते दारू नाई. जहर हाये. डोये जाते मानसाचे. मरते मानूस. कोनाले देल्लं ते सांगा.”

“जहर?” पुंजारामचा चेहरा पार उतरला. “तुमी तं औषध म्हने. वास तं इस्पिरिटचा होता. इस्पिरिट तं पेतेच लोक...”

“कोनाले?”

“मामाजीले.”

मामाजी म्हणजे पुंजारामचे सासरे. म्हणजे खुशालरावांचे वडील, शालिकराम.

खुशालरावांनी झाकण उचललं, आतलं पाणी रस्त्यावर ओतलं, झाकण पुसलं. बाबांनी दारू सोडली होती. सोडली म्हणजे काय, मोझरीच्या आश्रमात नेऊन खुशालरावांनीच त्यांना शपथ घ्यायला लावली होती आणि नंतर साऱ्या गावाला सांगितलं होतं, आमच्या घरात आता थेंब येत नाही.

“काल संध्याकाळी,” पुंजाराम सांगत होता. “टाकीत पानी टाकलं, का तुमाले समजू नये. हात जोडले ना त्यायनं, भाऊ. जवायाले हात जोडले. गुडघे झोपू देत नाई म्हने, दारू तं कुठी भेटत नाई. मी काय करू? खुशालले समजलं तं मी मेलो, असं म्हने.”

सकाळी निघताना बाबा ओट्यावर बसले होते. आज धुकं लय पडलं रे, असं म्हणाले होते. आणि खुशालराव घाईत हो म्हणून निघून आले होते. धुकं कुठलं? आभाळ आरशासारखं होतं.

“पंख्याचा पट्टा काढा,” ते म्हणाले. “पंख्याबिगर चालवू. फिरवा गाडी.”

“अन् केशवराव?”

“फिरवा म्हनतो ना.”

पंखा काढल्यावर ती दिमाखाची मोटार बैलगाडीच्या थोडी पुढं धावू लागली. ठोके नव्हते. खुशालराव दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. त्यांना पुंजारामवर ओरडायचं होतं, चांगलं शिव्या घालून ओरडायचं होतं, पण तोंड उघडलं की आपल्याच नावानं काही तरी बाहेर पडेल असं वाटत होतं. सांगून ठेवलं असतं तर? जहर आहे एवढे दोन शब्द. आपल्याला पोलिसांची भीती वाटली, पण बाबांना आपली तशीच भीती वाटत असेल हे मनातही आलं नाही.

मळ्यातल्या घरी शालिकराम खाटेवर उठून बसले होते. धाप लागली होती. पायाशी उलटी झालेली. हात जमिनीवर फिरत होता, आणि पाण्याचा तांब्या हाताजवळच होता.

“कोन हाये?” ते म्हणाले.

“मी, बाबा.”

“खुशाल? तू तं अकोल्याले गेला ना?” म्हातारा ताठ बसायला लागला, धोतर सारखं करू लागला. “काई नाई रे. पित्त झालं. वांग्याची भाजी बाधली.”

त्यांना उचलून मोटारीत घातलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पापण्या वर करून बॅटरीचा उजेड टाकला, श्वास पाहिला, आणि खुशालरावांना बाजूला घेऊन काय घेतलं ते विचारलं. खुशालरावांनी खरं ते सांगितलं.

“लढाईत होतो तेव्हा सोल्जरांचं हेच पाहिलंय मी,” डॉक्टर म्हणाले. “यावर दुसरं औषध नाही. चांगली दारू पोटात गेली, तर हे विष दबून राहतं. डोळ्यांचं मी आज सांगत नाही. जीव वाचायची आशा आहे, पण ब्रँडी पोटात जायला हवी, आत्ता, आणि रात्रभर थोडी थोडी.”

त्यांनी कपाटाचं कुलूप काढून बाटली दिली. खुशालरावांनी जन्मात पहिल्यांदा दारूची बाटली हातात धरली. पेल्यात ओतली, खाटेशी गेले, बाबांच्या मानेखाली हात घातला.

वास आला तसे शालिकराम आक्रसले.

“हे काय आनलं?”

“औषध हाये, बाबा. घ्या.”

“दारू हाये ही.”

“डाक्टरनं देल्ली. घ्या तुमी.”

“मी पेत नाई.” म्हाताऱ्यानं ओठ घट्ट मिटले, मग पुन्हा उघडले. “तुले ठाऊक हाये. मोझरीले सोडली म्या. तवापासून थेंब नाई.”

“बाबा, मले सारं समजलं. मी काई म्हनत नाई. घ्या.”

“काय समजलं? काई नाई समजलं. पित्त हाये मले.” त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पेल्यातली थोडी त्यांच्या हनुवटीवरून उशीवर सांडली. श्वास भात्यासारखा चालला होता.

खुशालरावांनी आणखी एकदा पेला ओठांना लावून पाहिला. ओठ उघडले नाहीत. डॉक्टर दारातून पाहत होते, त्यांनी घाई करा अशी खूण केली.

खुशालरावांनी पेला पुंजारामच्या हातात दिला.

“जवाई, तुमी पाजा,” ते मोठ्यानं म्हणाले. “मी भाईर जातो. केशवरावाले तार करून येतो.”

ते वहाणा वाजवत दारापर्यंत गेले. तिथंच त्यांचे पाय थांबले. बापाला या दशेत टाकून उंबरठा ओलांडवेना. ते वळून तसेच उभे राहिले, खाटेच्या समोर, खिडकीतून येणाऱ्या उन्हात.

शालिकरामांनी भिंतीकडचं तोंड हळूहळू वळवलं. डोळे उघडे होते. त्यांनी सरळ दाराकडे, खुशालरावांच्या तोंडाकडे पाहिलं.

“गेला का तो?” त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

पुंजारामनं खुशालरावांकडे पाहिलं. खुशालराव हलले नाहीत.

“गेले, मामाजी,” पुंजाराम म्हणाला.

म्हाताऱ्यानं दोन्ही हात पुढं केले आणि पेला घेतला.