धनसिंग नाईकाची खुर्ची

सरकार बदललं की धनसिंग नाईकाच्या गळ्यातलं उपरणं बदलायचं. हिंगोली परभणी जिल्ह्यात होती तेव्हापासूनचा हा रिवाज. सेनगावच्या हॉटेलात लोक टर उडवायचे, "नाईक, आज कोणता रंग?" त्याच्या बायकोच्या, रुक्माबाईच्या, अंगाचा तिळपापड व्हायचा. "हसा लेकहो! एका रंगानं बोअर दिला, दुसऱ्यानं लाईट आणली, तिसऱ्यानं डांबरी. तुमी एकाच रंगात राहून काय आणलं?" आपला नवरा दर नव्या पुढाऱ्याच्या पाया पडतो हे तिलाही खुपायचं, पण तांड्यावरच्या नळाला घागर लावली की ती सगळं गिळून टाकायची.

आता सत्तरीत तो गाव अन् तांडा मिळून असलेल्या ग्रामपंचायतीचा सरपंच झाला होता. तांड्यातला पहिला. अन् नेमका तेव्हाच तांड्याच्या वेगळ्या ग्रामपंचायतीचा ठराव ग्रामसभेपुढं आला. याच्यासाठीच तर त्यानं जन्मभर उंबरे झिजवले होते. पण तांडा फुटून निघाला की ही खुर्ची गेली, अन् नव्या पंचायतीत कोण निवडून येईल हे कुणी सांगावं? रुक्माबाईनं विचारून पाहिलं, तर गडी नुसता तंबाखू मळत बसला. खुशीनं खुर्ची सोडलेला पुढारी तिनं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

सभा मारुतीच्या पारावर भरली. "ठराव मान्य असंल त्यांनी हात वर करा," ग्रामसेवक म्हणाला. गावातल्या थोड्यांनी हात वर केले. तांडा मात्र ढिम्म. तांड्याची रीतच तशी, नाईक म्हणजे तांड्याचा मुखिया, त्याचा हात वर गेल्याबिगर कुणाचाच जात नाही. अन् नाईक तर अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेला. अध्यक्षानं हात वर करायचा नसतो, असं ग्रामसेवकानं त्याला आधीच बजावलं होतं.

"बघा, तांड्यालाच नको हाय!" मागून कुणीतरी खिदळलं.

रुक्माबाईला राहवेना. सगळ्यांदेखत ती ओरडली, "अवो, काहून बसून राहिले? उठा की!"

धनसिंग उठला. शेजारच्या उपसरपंच संतरामला म्हणाला, "खुर्ची तू सांभाळ." मग पारावरून उतरून तांड्याच्या बायाबाप्यांत मांडी घालून बसला, अन् त्यानं हात वर केला. त्यासरशी म्हातारे, सुना, गडी, साऱ्या तांड्याचे हात वर गेले. रुक्माबाईनं तर दोन्ही केले. "बाई, एकच! एकच!" ग्रामसेवक ओरडला, तशी अख्खी सभा हसली.

ठराव मंजूर झाला. संतरामनं खुर्ची मोकळी केली. "या नाईक, वर बसा. अजून तुमीच सरपंच आहात."

"बस रे तूच," धनसिंग म्हणाला. "मी माह्या गावात बसलोय."

आजवर त्या वस्तीला त्यानंसुद्धा कधी गाव म्हटलं नव्हतं. रुक्माबाईला रडू आलं अन् तिनं ते लपवलंही नाही. असा नवरा चारचौघांत मिरवायचा नाही, तर मग काय मिरवायचं!