बंद न केलेली डिस्क

दादाने पाठवलेली डिस्क कोरी आहे, असं मी त्याला फोनवर सांगून टाकलं आणि मग ती खरोखर कोरी आहे का, हे तपासायला बसलो. क्रम उलटा झाला, हे मला तेव्हाही कळत होतं.

डिस्कवर आमच्या बाबांचं बोलणं होतं. चौऱ्याण्णवाव्या वर्षी, गेल्या साली ते गेले. त्याआधी दोन महिने दादाने त्यांना कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसवून बोलतं केलं होतं. मी तिथे नव्हतो, कारण त्या घरी जाणंच मी सोडलं होतं. बाबांचा मोठा शब्दकोश वहिनींनी रद्दीत घातला, असा माझा समज झाला होता. तो मी बोलूनही दाखवला होता. पुढे शब्दकोश माझ्याच कपाटात वरच्या फळीवर सापडला. मी तसं कळवलं, पण तीन ओळींच्या पत्राने, आणि त्यातल्या दोन ओळी हवामानाबद्दल होत्या. त्यानंतर तीन वर्षं मी त्या घरी गेलो नाही. बाबा गेले त्या दिवशी गेलो, पण परक्यासारखा दारात उभा राहून परत आलो.

आणि आता त्या घरून पाकीट आलं. आत डिस्क आणि वहिनींची चिठ्ठी. ‘भाऊजी, बाबा तुमच्याविषयी बोलले आहेत. ऐकून घ्या.’

माझ्याविषयी काय बोलले असतील? मी येत नव्हतो, हे त्यांनी कसं घेतलं असेल? वर्षभर मला दुसरं काही जाणून घ्यायचं नव्हतं.

मुलगी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा तिचा होम थिएटरचा संच माझ्याकडे राहिला. पाच स्पीकर आहेत, पैकी मागचे दोन मी बंद करून भिंतीकडे तोंड करून ठेवलेत, कारण मागून कुणी बोललं की मला दचकायला होतं. प्लेअरमध्ये डिस्क घातली. आत थोडा वेळ घरघर झाली आणि पडद्यावर अक्षरं आली: डिस्क वाचता येत नाही. मी लगेच फोन उचलला.

“कोरी?” दादा म्हणाला. “मी स्वतः लावून बघितली आणि मग पाठवली.”

“माझ्याकडे काहीच येत नाही.”

“तुझा प्लेअर तपास.”

“प्लेअर चांगला आहे. बाकीच्या डिस्क चालतात.”

“म्हणजे मी मुद्दाम कोरी पाठवली, असं म्हणायचंय तुला?”

मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ दादाला लहानपणापासून कळतो. त्याने फोन ठेवला.

मग मी प्लेअरची माहितीपुस्तिका काढली. चाळीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. कुठलाही मजकूर पहिल्या पानापासून वाचल्याशिवाय माझं भागत नाही. शेवटी ‘अडचणी आणि उपाय’ असा तक्ता होता. त्यातल्या दोन चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि कामाला लागलो. मऊ कापडाने डिस्क पुसली, मधून काठाकडे, सरळ रेषेत. गोल फिरवायचं नाही. डिस्कची बाजू उलटी नाही ना, ते पाहिलं. थंडीचा दमटपणा लेन्सवर बसला असेल म्हणून प्लेअर दोन तास नुसता चालू ठेवला. लेन्स साफ करण्याची डिस्क फिरवली. सगळी सेटिंग मूळपदावर आणली. त्यापायी मागचे स्पीकर पुन्हा बोलायला लागले आणि मी दोनदा दचकलो. पडद्यावरचं वाक्य मात्र तेच.

संध्याकाळी खिडकीशी डिस्क तिरकी धरली, तेव्हा एक गोष्ट दिसली. मधल्या भोकापासून अर्ध्याहून जास्त भाग जरा गडद होता आणि पुढे काठापर्यंत फिकट. मध्ये रेघ मारावी तशी सीमा. म्हणजे डिस्क कोरी नव्हती. तिच्यावर काहीतरी होतं.

यावर माझं मन हलकं व्हायला हवं होतं. पण मला वाटलं, होतं ते पुसलं. बाबा माझ्याबद्दल चांगलं बोलले असतील आणि ते कुणाला तरी बघवलं नसेल. दोन भिकार रात्री मी याच विचारात काढल्या.

तिसऱ्या दिवशी चौकाजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या बाई डोळ्याला भिंग लावून कुठल्याशा रिमोटचं पोट उघडून बसल्या होत्या. मी काय काय केलं ते सगळं सांगितलं.

“काका, पुस्तक पाठ करून आलात की काय?” त्या म्हणाल्या. त्यांनी डिस्क दिव्याखाली फिरवली. “ही घरच्या रेकॉर्डरवर केलेली ना? फायनल केलेली नाही. म्हणजे लिहिलंय, पण वही मिटलेली नाही. ज्या मशीनवर लिहिली, त्याच मशीनला ती वाचता येते. तुमचा प्लेअर बिचारा निर्दोष आहे.”

“कुणी पुसलं तर नसेल?”

त्यांनी भिंग वर केलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. “या जातीच्या डिस्कवरचं पुसता येत नाही. यादीतून नाव काढता येतं फार तर, पण गेलेली जागा परत मिळत नाही. तुम्हाला कुणाचा संशय आहे?”

“नाही, नाही,” मी म्हणालो आणि निघालो.

आता दादाकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दोन बस बदलून गेलो. वहिनींनी दार उघडलं.

“या भाऊजी. आज काय हरवलंय?”

“काही नाही,” मी म्हणालो. “डिस्क चालली नाही. फायनल करायची राहिली आहे.”

दादा आतून आला. त्याने हात पुढे केला, पण तो डिस्क घेण्यासाठी. “कोरी होती ना?”

“नव्हती. माझं चुकलं.”

“हे लिहून दे,” तो म्हणाला. वहिनी हसल्या, तो हसला नाही.

रेकॉर्डर बाबांच्या खोलीत होता. टीव्हीवर यादी आली. दोन भाग: पहिला अडतीस मिनिटांचा, दुसरा सव्वीस. खाली उरलेली जागा: छप्पन्न मिनिटं. दादाने पहिला भाग लावला.

बाबा खुर्चीत होते. स्वेटरचं वरचं बटण उघडं. शाळेबद्दल बोलले, नदीबद्दल बोलले, मध्येच दादाला म्हणाले, कॅमेरा जरा खाली घे, माझं टक्कल घेऊ नकोस. मी वाट पाहत होतो. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

“धाकटा येत नाही,” ते म्हणाले. “त्याला वाटतं मी रागावलोय. मी रागावलेलो नाही. त्याला एवढंच सांगा की...”

पडदा काळा झाला. पहिला भाग संपला. दुसऱ्यात बाबांच्या खांद्यावर चादर होती आणि ते जुन्या घरमालकाची गंमत सांगत होते. ती ऐकून दादा आधी हसला आणि मग उठून पाणी प्यायला गेला. माझ्याबद्दल पुढे अवाक्षर नाही.

मी यादीकडे बघत राहिलो. अडतीस आणि सव्वीस, चौसष्ट. त्यात छप्पन्न मिळवले की एकशे वीस. डिस्क एकशे वीसची. यादीतून काही काढलेलं नव्हतं.

“भाऊजी,” वहिनी हळूच म्हणाल्या, “बेरीज जमली का?”

माझे ओठ हलत होते, हे मला तेव्हा कळलं.

“तिथे का थांबलं?” मी विचारलं.

“त्यांना रडू आलं,” वहिनी म्हणाल्या. “मी शेजारीच होते. बंद कर, म्हणाले. मीच बंद केलं. संध्याकाळी दुसरा भाग केला तेव्हा विचारलं, तर म्हणाले, उरलेलं पुढच्या आठवड्यात बोलू.”

“मग?”

“मग दवाखाना सुरू झाला.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग दादाच्या. बटण नेमकं त्याच वाक्यावर का दाबलं गेलं? हे तपासायला कुठलाही तक्ता नव्हता. वहिनी म्हणतात ते खरं असेल किंवा नसेल. मी कितीही वेळ बघत बसलो असतो, तरी त्या चेहऱ्यावर काही छापून येणार नव्हतं. पण ‘मी रागावलेलो नाही’ हे बाबा स्वतःच्या तोंडाने म्हणाले होते आणि ते या दोघांनी जसंच्या तसं माझ्या घरी पाठवलं होतं.

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “ते असेच थांबायचे.”

वहिनींनी खुर्चीच्या पाठीवरची चादरीची घडी विनाकारण नीट केली.

दादाने रिमोट उचलला. “उरलेल्या जागेत ते बोलतील, म्हणून मी फायनल केली नव्हती. मग ते बटण दाबायचं माझ्याने झालंच नाही. आता करतो. दहा मिनिटं लागतात. घरी ने आणि हवी तेवढी तपास.”

घरी नेली असती तर मी तेच केलं असतं. ते शेवटचं वाक्य रोज थांबवून थांबवून पाहिलं असतं, दार लावून, एकट्याने.

“नको,” मी म्हणालो. “राहू दे तशीच. मी इथे येऊन बघेन. रविवारी चालेल?”

दादाच्या हातात रिमोट तसाच होता.

“आता आणखी काय शोधायचंय तुला?”

“काही नाही. बाबांना बघायचंय.”

त्याचा विश्वास बसला नाही. ते मला स्पष्ट दिसलं, आणि मी त्याला दोष देऊ शकलो नाही.

“अकराला ये,” तो म्हणाला. “आणि वेळेवर ये.”