चौथी तपासणी

“खूण तपासताना चित्र कुणाचं आहे ते विसरायचं, बाळ. दोन्ही किल्ल्या दोन्ही चित्रांना लावायच्या.”

बाबा गेले, तरी कॉम्प्युटर सुरू केला की आधी हेच ऐकू येतं. फोटोत डोळ्यांना न दिसणारी खूण पेरायची विद्या त्यांची. फोटो कापा, फिका करा, छापून पुन्हा स्कॅन करा, खूण आत टिकून राहते. आणि ज्याची आहे त्याच्या गुप्त किल्लीने, म्हणजे पासवर्डसारख्या आकड्यानेच, वाचता येते. ही विद्या त्यांनी दादाला, मला आणि हाताखाली शिकलेल्या टोपीवाल्याला सारखीच दिली.

आता दीपगृहाच्या जिन्याचा एक फोटो दादाच्या नावाने पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आला होता, आणि तो आपला आहे असं टोपीवाला म्हणत होता. सकाळी तो स्वतःकडची त्याच फोटोची प्रत आणि किल्ली माझ्या हवाली करून गेला.

“ताई, जे निघेल ते आधी मला सांगाल?”

“सांगेन,” मी म्हटलं.

“किल्लीच देऊन गेला? भोळा सांब आहे अगदी,” वहिनी हसली. “यांचं नाव झालं की लोकांच्या पोटात दुखतंच. लावा एकदा निकाल, वन्सं.”

दादा खिडकीशी लेन्स पुसत होता. पुसून झालेली लेन्स पुन्हा पुसत होता.

त्याच्या फोटोतून त्याची खूण निघाली.

“झालं ना? बंद करा आता,” वहिनी म्हणाली.

टोपीवाल्याच्या फोटोत टोपीवाल्याची खूण होती. दादाची नव्हती. चौथी तपासणी मी केवळ नेम मोडू नये म्हणून केली. टोपीवाल्याची किल्ली, दादाचा फोटो.

खूण उमटली.

किल्ली पुन्हा लावली. पुन्हा तीच. आपल्या फोटोत परक्याची खूण येईल कशी? मूळ फोटो त्याचा आणि वरची खूण आपली असेल, तरच.

“दादा,” मी म्हटलं, “त्याचीही निघाली.”

त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही. “कडा कापल्या होत्या मी,” तो लेन्सशीच बोलल्यासारखा म्हणाला. “उजेडही वाढवला होता. वाटलं, गेली असेल.”

वहिनी खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. तिने माझा हात धरला. “वन्सं, आपण तिघंच आहोत इथे.”

“हो,” मी म्हटलं.

हात हळूच सोडवून घेतला. चारही तपासण्या छापून पाकिटात घातल्या, चपला पायात सरकवल्या आणि टोपीवाल्याच्या फोटोच्या दुकानाकडे निघाले.